झोपवायचं की जागं ठेवायचं? ब्रेन स्ट्रोक आणि भूलतज्ज्ञाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ बरेचसे काढलेत, काही मुद्दाम राहू दिलेत.

मराठीतला ‘भूल’ हा शब्द मोठा मजेशीर आहे. भूल म्हणजे चूक. भूल म्हणजे मोहिनी, गावाकडे ‘भूल पडली’ म्हणतात तशी. आणि ऑपरेशनच्या आधी डॉक्टर देतात तीही भूलच. आजची गोष्ट या तिसऱ्या भुलीची आहे, पण मधेमधे पहिली भूलही डोकावणार आहे. कारण हा एका वैद्यकीय वादाचा इतिहास आहे. दहा-बारा वर्षं जगभरचे हुशार डॉक्टर एका प्रश्नावर भांडत होते, आकडे समोर होते, तरी उत्तर हाती लागत नव्हतं.

प्रसंग असा डोळ्यासमोर आणा. रात्रीचे दोन वाजलेत. कॅथ लॅबमध्ये टेबलावर साठीच्या एक बाई आहेत. उजवा हात आणि पाय लुळा पडलाय, वाचा गेलीय. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय. डॉक्टर जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी आत सरकवणार, ती छातीतून, मानेतून थेट मेंदूपर्यंत नेणार आणि गुठळी धरून बाहेर ओढणार. या प्रक्रियेला थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. रक्तवाहिनी दोन-तीन मिलिमीटर जाडीची, त्यामुळे डोकं जरासं हललं तरी पंचाईत. आणि बाई तर धडपडतायत. त्यांना काय चाललंय ते कळत नाहीये, किंवा कळतंय पण सांगता येत नाहीये. सगळ्यांची नजर भूलतज्ज्ञाकडे. पूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत नळी टाकून झोपवायचं? की थोडं गुंगीचं औषध देऊन, हात धरून, समजूत काढत जागंच ठेवायचं?

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? झोपवा की! रुग्णाला त्रास नाही, डॉक्टरांनाही सोपं.

थांबा. आधी मेंदूत काय चाललंय ते बघू.

फिलाडेल्फियामध्ये सेमूर केटी आणि कार्ल श्मिट या दोघांनी १९४०च्या दशकात जिवंत, जाग्या माणसाच्या मेंदूतून किती रक्त वाहतं ते मोजायची पद्धत शोधली. गंमत म्हणजे त्यासाठी त्यांनी वापरला नायट्रस ऑक्साइड, म्हणजे भुलीचाच एक वायू, पण अगदी थोड्या प्रमाणात. उत्तर आलं, १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर. वजनाने मेंदू शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे वीस टक्के. घरातलं सगळ्यात लहान माणूस आणि सगळ्यात मोठं ताट!

पुढचा प्रश्न साहजिक होता. हे ताट कमी कमी करत नेलं तर काय होतं? १९७०च्या दशकात लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये लिंडसे सायमन आणि त्यांचे सहकारी बबून माकडांवर प्रयोग करत होते. डेन्मार्कहून आलेले येन्स आस्ट्रुप त्यांच्यात होते. त्यांना दिसलं की रक्तप्रवाह साधारण वीसच्या खाली गेला की मेंदूचा तो भाग काम थांबवतो, त्याचे विजेचे संकेत बंद पडतात. पण पेशी मरत नाहीत. मरणाची पातळी आणखी खाली, दहाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली. या दोन पातळ्यांच्या मध्ये एक पट्टा असतो, जिथल्या पेशी गप्प आहेत पण जिवंत आहेत. १९८१ साली आस्ट्रुप, सायमन आणि स्वीडनचे बो सिस्यो यांनी या पट्ट्यासाठी ग्रहणातला शब्द वापरला, पेनम्ब्रा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुम्ही ‘छायाकल्प चंद्रग्रहण’ वाचलं असेल, चंद्र काळा पडत नाही, नुसता मळकट होतो. तीच ही छाया. स्ट्रोकचे सगळे आधुनिक उपचार या छायेतल्या पेशींसाठी आहेत. ज्या मेल्या त्या गेल्या.

आणि छायेतल्या पेशी वाट बघत बसत नाहीत. २००६ साली जेफ्री सेव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी हिशेब मांडला की मोठी रक्तवाहिनी बंद पडल्याच्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. हा आकडा आता जगभरच्या स्ट्रोक युनिटमध्ये भिंतीवर लावलेला असतो.

आता भुलीकडे. या छायेतल्या पेशी जगतात कशावर? मुख्य वाट बंद आहे, म्हणून आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांतून जे काही झिरपतं त्यावर. तुमच्या सोसायटीत मुख्य पाइप तुंबला आणि वरच्या मजल्याला कुठल्या तरी बाजूच्या पाइपातून पाणी येतंय, अशी कल्पना करा. तिथे नळाला धार येणार की नाही, हे खालचा पंप किती जोर लावतोय यावर ठरणार. निरोगी मेंदू रक्तदाब वर-खाली झाला तरी स्वतःचा प्रवाह सांभाळून घेतो. छायेतल्या भागाची ही क्षमता गेलेली असते. दाब पडला की धार पडली.

आणि भुलीची बहुतेक औषधं नेमकं काय करतात? रक्तदाब पाडतात. प्रोपोफॉल दिलं की रक्तवाहिन्या सैलावतात, दाब झर्रकन खाली येतो. एरवी, हर्नियाच्या किंवा पित्ताशयाच्या ऑपरेशनला, पाच मिनिटं दाब जरा खाली गेला तर सहसा फारसं बिघडत नाही. इथे त्या पाच मिनिटांत छायेतल्या पेशी पलीकडे जाऊ शकतात.

दुसरी भानगड कार्बन डायऑक्साइडची. व्हेंटिलेटरने श्वास थोडा जास्त जोरात दिला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. हे केटी-श्मिट यांच्या काळापासून माहीत होतं. यावरून एकेकाळी एक भन्नाट कल्पनाही निघाली होती. निरोगी रक्तवाहिन्या मुद्दाम आकसवल्या तर तिथलं रक्त आजारी भागाकडे वळेल, कारण आजारी भागातल्या रक्तवाहिन्यांची आकसायची ताकदच संपलेली असते. श्रीमंताकडून काढून गरिबाला. याला खरोखरच रॉबिन हूडचं नाव मिळालं होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमध्ये स्ट्रोकच्या रुग्णांना व्हेंटिलेटरवर ठेवून दीर्घकाळ असा जोराचा श्वास देऊन पाहिला. फायदा झाला नाही. कागदावर इतकी देखणी दिसणारी कल्पना माणसात फसली आणि भूलतज्ज्ञ स्ट्रोकच्या वॉर्डातून जवळजवळ बाहेर पडले.

त्यांची गरजही नव्हती म्हणा. १९९५ साली अमेरिकेत गुठळी विरघळवणाऱ्या टीपीए या औषधाची मोठी चाचणी यशस्वी झाली, पुढच्या वर्षी परवानगी मिळाली. पहिल्या तीन तासांत शिरेतून द्यायचं इंजेक्शन. त्याला भूल कशाला? पण मोठ्या गुठळीपुढे हे औषध बऱ्याचदा हरतं. मग तारेने गुठळी ओढायचे प्रयोग सुरू झाले. २००४ साली अमेरिकेत ‘मर्सी’ नावाच्या उपकरणाला मान्यता मिळाली, बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखी वेटोळी तार. आणि मग भूलतज्ज्ञाला रात्री दोनला फोन जायला लागले.

सुरुवातीला बऱ्याच हॉस्पिटलांत सरसकट पूर्ण भूल देत. मग २०१० साली एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या १२ केंद्रांतल्या ९८० रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांना पूर्ण भूल दिली त्यांच्यात मृत्यू जास्त, अपंगत्व जास्त. पाठोपाठ असेच आणखी अभ्यास. सगळ्यांचा सूर एकच. परिषदांमध्ये लोक ठामपणे सांगू लागले की स्ट्रोकमध्ये पूर्ण भूल देणं घातक आहे.

इथे ती पहिली भूल डोकावते.

आपल्याकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, ‘आयसीयूत नेलं की माणूस परत येत नाही.’ आकडे काढलेत तर आयसीयूत मृत्यू जनरल वॉर्डपेक्षा जास्तच निघतील. मग काय आयसीयू माणसं मारतं? तिथे मुळात नेतातच जास्त आजारी माणसाला. तसंच इथे. ज्याची शुद्ध हरपलीय, जो उलट्या करतोय, ज्याचा श्वास घरघरतोय, ज्याला टेबलावर धरून ठेवणंच अशक्य आहे, त्याला पूर्ण भूल दिली जाणार. जो शांत पडलाय त्याला जागं ठेवणार. मग तीन महिन्यांनी दोघांची तुलना केली तर कोण मागे पडणार? नोंदी तपासणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. गणिताने ते हा फरक पुसायचा प्रयत्न करत होते. पण रात्री दोनला टेबलापाशी उभ्या डॉक्टरला रुग्णाकडे बघून जे वाटलं, ते केसपेपरवर उतरतंच असं नाही, आणि जे उतरलंच नाही ते गणिताने पुसायचं कसं?

दरम्यान थ्रॉम्बेक्टॉमीचंच भवितव्य टांगणीला लागलं होतं. २०१३च्या फेब्रुवारीत होनोलुलूच्या परिषदेत एकदम तीन चाचण्यांचे निकाल आले आणि तिन्हींत गुठळी ओढण्याचा ठोस फायदा दिसला नाही. मोठा हिरमोड. पण तोवर उपकरणं बदलली होती. स्क्रूच्या जागी जाळीदार स्टेंट आले होते, गुठळीत उघडायचे आणि गुठळीसकट ओढून घ्यायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये इस्तंबूलला नेदरलँड्सच्या ‘मिस्टर क्लीन’ चाचणीचा निकाल जाहीर झाला. १६ हॉस्पिटलं, ५०० रुग्ण. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण नुसत्या औषधांच्या गटात १९ टक्के, गुठळी काढलेल्या गटात जवळपास ३३ टक्के. २०१५च्या मध्यापर्यंत आणखी चार चाचण्यांनी तेच सांगितलं. स्ट्रोकच्या इतिहासात इतकं आनंदाचं वर्ष क्वचितच आलं असेल.

आणि त्याच आनंदात भूलतज्ज्ञांसाठी खडा निघाला. मिस्टर क्लीनमधल्या गुठळी काढलेल्या २१६ रुग्णांपैकी ७९ जणांना पूर्ण भूल दिली होती. त्यांचे आकडे वेगळे काढले, तर उपचाराचा फायदा जवळजवळ दिसेनासाच झाला! जागे होते त्यांना भरपूर फायदा, झोपवले त्यांना नाममात्र. आता तर भूल जवळजवळ दोषी ठरलीच, असं वाटावं.

पण खटला अजून उभाच राहिला नव्हता. कारण एकाही मोठ्या चाचणीने थेट हाच प्रश्न विचारला नव्हता. कोणाला झोपवायचं हे डॉक्टर ठरवत होते, नशीब नव्हे. नाणं उडवून ठरवायला हवं होतं.

ते काम केलं जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी. सिल्विया श्योनेनबर्गर, यूलियन ब्योजेल आणि मंडळींनी एप्रिल २०१४ ते फेब्रुवारी २०१६ या काळात १५० रुग्ण घेतले, ७३ जणांना पूर्ण भूल, ७७ जणांना फक्त गुंगी, आणि कोणाला काय हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलेलं. या चाचणीचं नाव काय ठेवलं माहितीये? ‘सिएस्टा’, स्पॅनिश लोकांची दुपारची वामकुक्षी!

२०१६च्या शेवटी निकाल आला. २४ तासांनंतर दोन्ही गटांत फरक नाही. मुख्य प्रश्नाचं उत्तर इतकंच. पण तीन महिन्यांनंतर स्वावलंबी झालेले रुग्ण मोजले तर पूर्ण भुलीच्या गटात ३७ टक्के, गुंगीच्या गटात १८ टक्के. म्हणजे जे सगळे सांगत होते त्याच्या बरोबर उलटं. हा आकडा मुख्य मोजमापाचा नव्हता, म्हणून त्यावर उड्या मारू नयेत असं संशोधकांनीच बजावलं, आणि ते बरोबरच होतं. पूर्ण भुलीची किंमतही दिसलीच. न्यूमोनिया जास्त झाला, शरीर थंड पडणं जास्त, आणि उपचार सुरू व्हायला साधारण दहा मिनिटं उशीर. सेव्हर यांच्या हिशेबाने दहा मिनिटं म्हणजे एक कोटी नव्वद लाख पेशी. पण गुंगीच्या गटातल्या ७७ पैकी ११ जणांना अर्ध्यातच पूर्ण भूल द्यावी लागली. तार मेंदूत असताना घाईघाईने श्वासनलिकेत नळी घालणं, हा प्रसंग कुठल्याच भूलतज्ज्ञाला नको असतो.

हे एकटं हायडेलबर्ग नव्हतं. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये ९० रुग्णांची चाचणी झाली, फरक नाही. डेन्मार्कच्या ऑरहूसमध्ये १२८ रुग्ण, एमआरआयवर मेलेल्या भागाची वाढ मोजली, ठोस फरक नाही, पण रुग्णांची नंतरची स्थिती पूर्ण भुलीच्या गटात जरा बरी. तिन्ही चाचण्यांचे मिळून ३६८ रुग्ण एकत्र तपासले तेव्हाही पलडा भुलीकडे झुकला. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये फ्रान्समधून दोन मोठ्या चाचण्या आल्या. त्यांत ना इकडे, ना तिकडे.

मग आधीची सगळी वाईट आकडेवारी खोटी होती का? मला तसं वाटत नाही, आणि इथेच मला या गोष्टीतला खरा ऐवज दिसतो. गोथेनबर्गच्या मंडळींनी चाचणीच्या आधी, २०१५ साली, आपल्याच जुन्या १०८ रुग्णांच्या नोंदी उकरल्या होत्या. सगळ्यांना पूर्ण भूल दिलेली. त्यांत त्यांना दिसलं की ज्यांचा सरासरी रक्तदाब मूळ पातळीपेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त पडला, त्यांचं नंतर वाईट झालं. सोसायटीचा पंप आठवतोय ना? तोच.

आता सिएस्टाचे नियम बघा. दोन्ही गटांत वरचा रक्तदाब १४० ते १६० मध्येच ठेवायचा. कार्बन डायऑक्साइड ठरलेल्या मर्यादेत. दाब पडायला लागला की लगेच औषधाचा पंप. आणि हे सगळं बघायला अशी टीम, जी हेच काम रोज करते. जुन्या नोंदींमधल्या भुलीत यातलं किती पाळलं जात होतं? कुठे पाळत असतील, कुठे नसतील. रात्रपाळीला जो मिळेल तो भूलतज्ज्ञ दुसऱ्या ऑपरेशनमधून धावत येणार, रुग्णाची माहिती शून्य, दाब ९०वर आला तरी ‘ठीक आहे, बाकी सगळं स्थिर आहे’ म्हणणार. एरवीच्या ऑपरेशनला ते कदाचित चाललंही असतं.

म्हणजे दहा वर्षं सगळे विचारत होते, ‘कोणती भूल?’ आणि त्यातला मोठा भाग ‘कशी दिलेली भूल?’ हा होता. अर्थात या चांगल्या चाचण्या मोठ्या विद्यापीठ हॉस्पिटलांत झाल्या. तिथला निकाल उचलून, रात्री एकच भूलतज्ज्ञ असलेल्या आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी जसाच्या तसा लावता येणार नाही. तिथे शांत रुग्णाला थोड्या गुंगीवर ठेवून वेळ वाचवणंच शहाणपणाचं असू शकतं. आजच्या मार्गदर्शक सूचनाही सरसकट एक पद्धत लादत नाहीत. रुग्ण, टीम आणि वेळ बघून ठरवा म्हणतात.

रक्तदाबाच्या गोष्टीचा आपल्या घरांशी थेट संबंध आहे, म्हणून तेवढं सांगतो. मी डॉक्टर नाही, इतिहास वाचणारा माणूस आहे, पण हे डॉक्टरच सांगतात. कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की आपल्याकडे मशीन काढून बीपी मोजतात आणि १८० दिसलं की घाबरून जिभेखाली गोळी ठेवतात. पण तो वाढलेला दाब बऱ्याचदा शरीरानेच वर चढवलेला असतो, बाजूच्या पाइपातून धार चालू राहावी म्हणून. तो घरच्या घरी पाडायचा नाही. ॲस्पिरिनही द्यायची नाही, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. पाणी, चहा, साखर काहीच नाही, गिळताना ते फुप्फुसात जाऊ शकतं, आणि भूल द्यायची वेळ आली तर भरलेलं पोट हीच भूलतज्ज्ञाची पहिली धास्ती असते. १०८ला फोन लावायचा आणि स्ट्रोकचा उपचार होतो अशा हॉस्पिटलला जायचं.

तिथे पोचल्यावर भूलतज्ज्ञ तुम्हाला दोन मिनिटांत काही गोष्टी विचारेल. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? डायबिटीस, दमा, हृदयाचा आजार? आधी कधी भूल दिली होती का, तेव्हा काही त्रास? कवळी आहे का? शेवटचं कधी खाल्लं? एरवी बीपी किती असतं? हा शेवटचा प्रश्न उगाच नसतो, टेबलावर दाब किती खाली जाऊ द्यायचा नाही याची खूणगाठ त्यावरून बांधता येते. घरातल्या मोठ्यांच्या गोळ्यांच्या चिठ्ठीचा एक फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. आणि सगळ्यात आधी विचारतील ते म्हणजे, पेशंटला शेवटचं धडधाकट नेमकं किती वाजता पाहिलं होतं? ‘सकाळी उठल्यावर कळलं’ हे उत्तर पुरत नाही. रात्री पाणी प्यायला उठल्या होत्या का, कोणाशी बोलल्या होत्या का, फोनवर शेवटचा मेसेज किती वाजता केला होता, तेही बघून सांगा.